भात किती जणांचा?

माझं काम नेमकं काय होतं, हे माझ्या सख्ख्या बहिणीलाही शेवटपर्यंत कळलं नाही. ती लोकांना सांगायची, "आमची ताई समाजसेवा करते." मी समाजसेवा कधी केली नाही. ती दुसरे करायचे. त्यांनी केलेल्या सेवेने काय फरक पडला, हे पैसे देणाऱ्यांना लिहून कळवणं हे माझं काम. हुद्दा होता 'देखरेख व मूल्यमापन अधिकारी'. ओळख करून देताना एवढं सगळं म्हणून होईपर्यंत समोरच्याचं लक्ष चहाकडे गेलेलं असायचं.

काम समजायला अवघड नाही. एखादी कंपनी किंवा ट्रस्ट आमच्यासारख्या संस्थेला पैसे देते. त्यांना आम्ही आपसात फंडर म्हणतो. फंडर विचारतो, आमच्या पैशाचं काय झालं? आम्ही इतक्या लोकांचं ब्लडप्रेशर तपासलं, इतक्यांना गोळ्या दिल्या, असं सांगितलं तर त्याला म्हणतात आउटपुट. ते मोजता येतं, फोटो काढता येतो, कुणी अडत नाही. पण फंडर पुढे विचारतो, गोळ्या दिल्या, मग त्या माणसाच्या जगण्यात काय बदललं? ते आउटकम. तिथे घाम फुटतो. मग काम सुरू होण्यापूर्वी लोकांना प्रश्न विचारायचे, ती बेसलाइन. काम संपताना तेच प्रश्न पुन्हा विचारायचे, ती एंडलाइन. दोन्हींची वजाबाकी करायची आणि जे उरेल त्याला बदल म्हणायचं. सगळी नोकरी मी ही वजाबाकी करत आले. आता कंटाळा आलाय, म्हणून जरा खरं लिहिते.

फंडरला चढती रेघ आवडते. शाळेत जाणारी मुलं वाढली, बचत गटाची शिल्लक वाढली, झाडं जगली, की आलेख वर जातो आणि मुंबईतल्या बैठकीत सगळ्यांना बरं वाटतं. माझ्या वाट्याला शेवटी आला तो प्रकल्प म्हाताऱ्या माणसांचा. म्हाताऱ्या माणसाची रेघ वर जात नाही. ती सावकाश उतरली तर ते आमचं यश. पण बैठकीतल्या पडद्यावर सावकाश उतरणारी रेघ आणि भरभर उतरणारी रेघ दोन्ही उतरतानाच दिसतात, आणि हे समजावून सांगताना माझा घसा बसायचा.

प्रकल्प संगमेश्वर तालुक्यातल्या आतल्या वाड्यांमध्ये होता. हायवेवरून आत वळायचं, गाडी जाईल तिथवर जायचं, पुढे पाखाडी चढायची. पाखाडी म्हणजे आमच्याकडची दगडी पायऱ्यांची वाट. या वाड्यांतले कर्ते पुरुष मुंबईत, त्यांच्या बायका-मुलंही बहुतेक मुंबईत. मागे राहतात ते आईबाप, आणि पुष्कळ ठिकाणी नुसती आई. त्यांच्याकडे आठवड्याला एकदा जायचं, प्रेशर बघायचं, साखर बघायची, गोळ्या घेतल्या का विचारायचं, पायाची जखम असेल तर धुवून पट्टी करायची, नखं कापायची, जरा बसायचं, एवढंच काम. ते करायला जवळपासच्याच बाया नेमल्या होत्या, त्यांना आरोग्यताई म्हणायचे. त्यातली वैशाली ही तिथल्याच एका वाडीतली, बोलायला फटकळ आणि चालायला तुरतुरीत.

बेसलाइनचे फॉर्म भरून आले, मी रत्नागिरीच्या ऑफिसात बसून बेरजा केल्या आणि कपाळाला हात लावला. प्रकल्प होता एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी. आणि 'घरात किती माणसं?' या प्रश्नाला कुणी सहा सांगितली होती, कुणी नऊ, एका घरात तर अकरा. एकटं कुणी नव्हतंच! त्याच्या खालचा प्रश्न होता, 'तब्येत कशी आहे?' त्याला सगळ्यांचं एकच उत्तर, बरी. म्हणजे माझ्या कागदांप्रमाणे या डोंगरात भरल्या घरात राहणारी, बऱ्या तब्येतीची म्हातारी माणसं होती आणि आम्ही उगाच त्यांच्या दारात जात होतो.

फंडरच्या मुंबईच्या ऑफिसातून रितिका मॅडमचा फोन आला. आमच्या प्रकल्पाची फाइल त्यांच्याकडे होती. वयाने माझ्या मुलीएवढ्या, बोलायला गोड, आणि माझं म्हणणं ऐकून घेणाऱ्या. त्या म्हणाल्या, "ताई, मला समजतंय हो. पण हा डेटा मी वर दाखवला तर ते विचारतील, प्रॉब्लेम कुठे आहे? पुढचा हप्ता थांबेल." त्यांचं चुकत नव्हतं. हप्ता थांबला म्हणजे वैशालीची फेरी थांबणार होती.

मी वैशालीला झापलं, की तू फॉर्म डोळे मिटून भरलेस का? ती उसळली. "ताई, ती बोलतात ता मी लिवते. तुमीच सांगितलेलात, आपल्या मनाचा लिवायचा नाय." हेही खरं. मग मी म्हटलं चल, आपण दोघी जाऊ.

आम्ही गेलो वैशालीच्या फेरीतल्या सुभद्राआजीकडे. पडवीत बसलेली, बारकीशी, डाव्या पायाला चिरगूट गुंडाळलेलं. आवाराच्या चिऱ्याला ठेचकाळून जखम झालेली, आणि अंगात साखर असल्यामुळे ती भरत नव्हती. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, पट्टी नियमाने झाली नाही तर पाऊल जाईल. अंगण सारवलेलं, आतली दारं एकामागोमाग एक बंद.

मी विचारलं, "आजी, घरात किती माणसं?"

"आट," ती म्हणाली.

"कोण कोण?"

बोटावर मोजत सांगितलं तिने. "माजा थोरला अनंता, त्याची बायको, त्याची दोन पोरा. धाकला, धाकल्याची बायको, त्याची येक चेडू. आनि मी. झाली ना आट?"

"पण ते सगळे मुंबईला ना?"

"मंबयला कामाला हायत. घर हितंच हाय."

"मग तुम्ही इथे एकट्याच राहता, नाही का?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी काहीतरी अभद्र बोलले. "येकटी कशी गो? येकटी ऱ्हायाला माजा काय मेलाय कोन? भरलेला घर हाय माजा."

आमच्या मुंबईच्या साहेबलोकांनी बनवलेल्या प्रश्नात घर म्हणजे छप्पर आणि त्याखाली आज रात्री झोपणारी डोकी. आजीच्या लेखी घर म्हणजे गणपतीला जी माणसं येतात ती सगळी. ती खोटं बोलत नव्हती. एकटी म्हणणं म्हणजे पोरांचं अशुभ चिंतणं, आणि वर गावाला सांगणं की पोरांनी टाकलं. हे ती मेली तरी म्हणणार नव्हती. तब्येतीचंही तेच. परक्या बाईने दारात येऊन कशी आहेस विचारलं, तर बरी हाय म्हणायचं, ही रीत. मी स्वतः काय वेगळं म्हणते?

वैशालीने पट्टी केली. आम्ही उठलो तर आजी म्हणाली, "जेवल्याबिगर जाव नको." नको नको म्हणेपर्यंत ती लंगडत आत गेली, टोपावरचं झाकण काढलं आणि तशीच उभी राहिली. मग ओशाळून म्हणाली, "थांबा जरा. आनिक भात टाकते. मी माज्यापुरता मूठभर टाकला व्हता."

मी वैशालीकडे बघितलं, तिने माझ्याकडे. तिथल्या तिथे मला माझा प्रश्न सापडला.

परत आल्यावर फॉर्ममधला तो प्रश्न काढून टाकला आणि त्या जागी घातलं: 'आज किती जणांचा भात टाकलात?' या प्रश्नाला कुणी अडखळलं नाही. भाताचं कुणी खोटं सांगत नाही, त्यात लाजण्यासारखं काही वाटतही नाही. माझ्यापुरता, माझ्यापुरता, आमच्या दोघांचा, माझ्यापुरता. असेच तब्येतीचे प्रश्न बदलले. 'कशी आहे' विचारायचं सोडून दिलं. विहिरीपर्यंत स्वतः जाता का? रात्री उठावं लागलं तर कशाला धरून उठता? चढणीच्या देवळात शेवटचे कधी गेलात? माणूस स्वतःविषयी बोलायला बुजतो, पण वाटेविषयी आणि उंबऱ्याविषयी भडाभडा बोलतो. एवढी एकच विद्या या धंद्यात मी स्वतः कमावली. पुढे बाकीच्या संस्थांच्या कार्यशाळांमध्ये मी ती शिकवत फिरले, सावर्ड्यापासून मालगुंडपर्यंत. भाताच्या प्रश्नाला हमखास हशा यायचा, आणि मग एकदम सगळे गप्प व्हायचे.

रितिका मॅडम खूश झाल्या. हप्ता आला. आजीच्या पायाची जखम हळूहळू भरत चालली. मला वाटलं, जमलं. पण हे काम असं आहे, की एक भोक बुजवावं तर दुसरीकडून पाणी यायला लागतं.

सहामाही अहवालाबरोबर फंडरला एक यशकथा लागते. एक माणूस, एक फोटो, थोडा मजकूर. फोटोत माणूस हसरा हवा, पण फार सुखी दिसता कामा नये, नाहीतर पैसे कशाला दिले असं वाटतं. आजीला विचारलं, फोटो काढू का? ती म्हणाली काढ, पण दात नाहीत म्हणून पदर तोंडावर धरला. तसाच फोटो काढला. खाली मी मजकूर लिहिला: 'सुभद्राआजी, आपल्या घरी. त्यांच्या पायाची जखम आता भरत आली आहे.' मला तो मजकूर आवडला होता. 'आपल्या घरी' हे शब्द मी विचार करून घातले होते.

फंडर कंपनीच्या प्रसिद्धीवाल्यांनी तो फोटो त्यांच्या फेसबुकच्या पानावर टाकला. मजकूर त्यांना फिका वाटला असावा. त्यांनी लिहिलं, 'एकाकी सुभद्रा. तिला या जगात कुणी नाही. आम्ही आहोत.'

वाडीचं मुंबईत मंडळ आहे, मंडळाचा फोनवर ग्रुप आहे. फोटो तिथे पोचायला वेळ लागला नाही. गणपती अगदी तोंडावर होते. मी रितिका मॅडमना फोन करून इतक्या वरच्या पट्टीत बोलले, की शेजारच्या टेबलावरचे लोक उठून बाहेर गेले. त्या मनापासून माफी मागत राहिल्या. मजकूर काढला. पण बघणाऱ्यांनी बघून घेतला होता.

गौरी-गणपतींचं विसर्जन झालं आणि अनंत ऑफिसात आला. आजीचा थोरला मुलगा. मुंबईत एका बिल्डिंगचा वॉचमन. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. खुर्ची दिली तरी बसला नाही. फोन माझ्या पुढ्यात धरला.

"ह्या तुमी लिवलात?"

"नाही. पण आमच्याकडूनच गेलं ते."

"मॅडम, आमी मेलाव काय? मी दर आयतवारला फोन करतो आवशीला. दर आयतवारला. शिमग्याला येतो, गणपतीला येतो, मे म्हयन्यात पोरांना घेऊन येतो. बिल्डिंगमधी लोक इचारतात मना, अनंता, तुजी आय भीक मागते काय रे?" त्याने फोन खिशात घातला. "फोनवर आवस बोलते, बरी हाय. मग मी काय समजायचा?"

'बरी हाय'ने मलाही फसवलं होतं, पण मी फॉर्म बदलू शकत होते. त्याने काय बदलायचं होतं? वॉचमनला रजा किती मिळते हे मला माहीत होतं. मी पायाच्या जखमेचं सांगायला लागले, पट्टी थांबली तर काय होईल ते सांगितलं. तो ऐकत होता, पण त्याच्या डोळ्यांसमोर बिल्डिंगमधले लोक होते.

"उद्यापास्ना तुमची बाई आमच्या घरात यायची नाय," तो म्हणाला आणि गेला.

घरच्यांनी नकार दिला की आम्हाला जाता येत नाही. तो नियम आहे आणि मी अजूनही म्हणते की तो असायलाच हवा. सुभद्राआजीच्या नावापुढे मी लिहिलं, 'गळती.' प्रकल्पातून मध्येच बाहेर पडलेल्यांना आमच्या भाषेत गळती म्हणतात, नळातून पाणी गळतं तशी. कारणाच्या रकान्यात तीनच पर्याय होते: मृत्यू, स्थलांतर, नकार. तिसऱ्यावर खूण केली. त्या दिवशी मला नोकरी सोडावीशी वाटली. सोडली नाही, कारण मुलीचं पुढचं शिक्षण चालू होतं. अशी कारणं असतातच.

अनंत मुंबईला गेला. पुढच्या मंगळवारी वैशाली शेजारच्या घरी जायला ती पाखाडी चढत होती. आजी पडवीतून बघत होती. तिने हाक मारली. पुढचं मला वैशालीने सांगितलं.

"काय गो, तोंड फिरवून जातस?"

"आजी, तुमच्या अनंताने नको म्हनून सांगितलाय. कामाला यायला मना नाय जमायचा."

आजी पडवीच्या पायरीपर्यंत आली. मग म्हणाली, "कामाला येव नको. जेवाय ये. पावनीला कोन नाय म्हनतो?"

वैशाली आत गेली. आजीने दोघींचा भात टाकला होता.

त्यानंतर दर मंगळवारी वैशाली तिथे दुपारची जेवायला जायची. स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीत, पाहुणी म्हणून. जेवण झालं की पाहुणी सहज आजीचा पाय मांडीवर घ्यायची. प्रकल्पाचं साहित्य तिथे वापरता येत नव्हतं, म्हणून गॉज आणि मलम मी देवरुखच्या मेडिकलमधून घेऊन द्यायची. वैशालीने याचं कधी काही लिहिलं नाही आणि मी विचारलं नाही. जखम पूर्ण भरली. आजी पुन्हा विहिरीपर्यंत जायला लागली, नंतर चढणीच्या देवळातही गेली. माझ्या सगळ्या नोकरीत ज्याला मी छातीवर हात ठेवून आउटकम म्हणेन असं हे एवढंच, आणि ते अहवालात गळती म्हणून गेलं.

प्रकल्पाची मुदत संपली. बाहेरून एक तज्ज्ञ आले, एंडलाइन झाली, वजाबाकी झाली. निष्कर्ष: परिणाम समाधानकारक, गळती चिंताजनक. फंडरचं धोरण बदललं होतं, त्यांना आता तळी आणि पर्यावरण हवं होतं. प्रकल्प वाढला नाही. आरोग्यताईंना निरोपाला एकेक छत्री दिली. मी निरोपाचं भाषण केलं, ते कसं केलं ते आठवत नाही. वैशालीने सावर्ड्याला एका दवाखान्यात काम धरलं. मंगळवारी ती सुट्टी घ्यायची.

आजी पुढच्या वर्षी गेली. वैशालीने आदल्या दिवशी घातलेल्या वेणीनिशी, आपल्याच अंथरुणात. मी बाराव्याला गेले होते. अंगणात मांडव होता, मुंबईहून सगळी आठच्या आठ, म्हणजे आता सातच्या सात, माणसं आली होती. अनंत माझ्याजवळ आला. मला वाटलं, पुन्हा काहीतरी ऐकावं लागणार.

"आवस आयतवारी फोनवर बोलायची," तो म्हणाला, "मंगळवारी माजी पावनी येते म्हनून. मना कळत व्हता कोन पावनी ती. मी पन काय बोललो नाय."

मग त्याने वैशालीला हात धरून घरच्या बायकांच्या पंगतीत नेऊन बसवलं. मी लांबून बघत होते. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

हे सगळं आता मागे पडलं. मी निवृत्त होऊन रत्नागिरीतच राहते. मिस्टर जाऊन काही वर्षं झाली. मुलगी बेंगळुरूला, जावई तिथेच, नात तिथलीच. मुलगा-सून पुण्याला. फोन होतात. मी म्हणते, बरी आहे.

परवा सकाळी दाराची बेल वाजली. कुठल्याशा संस्थेची मुलगी, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. ज्येष्ठ नागरिकांचं सर्वेक्षण करत होती. मला गंमत वाटली. आत घेतलं, पंखा लावला, पाणी दिलं. तिने विचारलं, "काकू, घरात किती माणसं?"

"सहा," मी म्हटलं. म्हणजे माझ्या तोंडून निघून गेलं. मुलगा, सून, मुलगी, जावई, नात आणि मी. मोजायची गरजही पडली नाही.

तिने हॉलमधला चपलांचा एकच जोड बघितला, बंद खोल्या बघितल्या. पण ती काही बोलली नाही. मुलगी चांगल्या शिकवणीतून आली होती. टॅबवर बोट सरकवून तिने पुढचा प्रश्न वाचला.

"आणि काकू, आज किती जणांचा भात टाकलात?"

माझाच प्रश्न. कुठल्यातरी कार्यशाळेतून निघून, फिरत फिरत माझ्या दारात आला होता. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी व्हायची होती, आत माझ्यापुरते तांदूळ होते. मी उठले, गॅस बंद केला, डब्यातून आणखी एक वाटी तांदूळ काढले आणि आतूनच म्हटलं,

"दोघींचा. लिही. आणि जेवल्याशिवाय जाऊ नकोस."